परमुलुखांतील बोलपट आणि मूळची भाषा

स्वदेश सोडून परमुलुखांत राहावयास गेलेल्या मनुष्यास पहिल्या महिन्यांत घरच्या अन्नाची आठवण होते, दुसऱ्या महिन्यांत माणसांची होते. भाषेची आठवण मात्र केव्हां होईल याचा नेम नसतो. दिवसभर परकी भाषा ऐकण्याची व मोडकीतोडकी बोलण्याची त्यानें मनाची तयारी केलेली असते. परंतु सायंकाळीं घटकाभर विसांवा घ्यावा म्हणून तो चित्रपटगृहांत जातो, आणि तेथेंही तीच परकी भाषा कानांवर आदळूं लागली म्हणजे त्यास प्रथमच कळून चुकतें कीं, आपण केवळ घरापासून नव्हे, तर आपल्या कानांच्या संवयीपासूनही दूर आलों आहोंत.

मुंबई-पुणें लोहमार्गावर नेरळ आणि कर्जत यांच्या दरम्यान भिवपुरी रोड हें लहानसें स्टेशन लागतें. त्या परिसरांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिवपुरीचें वीजगृह आहे. घाटावर आंध्र जलाशयांत सांठविलेलें पाणी प्रचंड नळांतून खालीं आणून तेथें १९२२ सालापासून वीज उत्पन्न करण्यांत येऊं लागली व ती मुंबईकडे धाडण्यांत येऊं लागली. वीज शहराकडे गेली, तशींच पुढें गांवचीं मुलेंही गेलीं. पूर्वीं त्यांची धांव कल्याण, परळ किंवा फोर्टपर्यंत असे. आतां त्याच टापूंतील एखादा यंत्रविद्येचा पदवीधर जर्मनींत म्युनिकला, नाहीं तर जपानांत तोक्योला नोकरीस आहे, असें ऐकून कोणास नवल वाटत नाहीं.

अशा एखाद्या भिवपुरीकर तरुणाची क्षणभर कल्पना करावी. त्यास इंग्रजी उत्तम येते, जर्मन जेमतेम दुकानापुरती येते. भिंतीवर एका अमेरिकन चित्रपटाची जाहिरात पाहून तो तिकीट काढतो, आसनावर स्थिरावतो, आणि पडद्यावरचा ओळखीचा नट तोंड उघडतो तों अस्खलित जर्मन बोलूं लागतो! चेहरा तोच, हातवारे तेच. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा. तिकिटाच्या खिडकीवर त्याची कोणी फसवणूक केलेली नसते. त्या देशांत परकी चित्रपट देशभाषेंत दाखवावयाचा ही रूढीच आहे. तो मूळ भाषेंत असेल तरच तसें मुद्दाम लिहिण्याची तेथें पद्धत आहे.

ही अडचण चित्रपटाच्या जन्मापासूनची नव्हे. मूकपटास परदेश असा नव्हताच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, आणि दुसऱ्याच वर्षीं फाळके आपलीं चित्रें घेऊन लंडनला गेले. मूकपटांत प्रसंगाप्रसंगांच्या मध्यें लिखित पाट्या येत. चित्र परदेशीं न्यावयाचें तर तेवढ्या पाट्या बदलल्या कीं काम भागे. नटाच्या ओठांतून शब्दच ऐकूं येत नसल्यामुळें प्रत्येक देशांतील प्रेक्षक त्यास आपल्याच भाषेंत बोलतांना मनांतल्या मनांत ऐकत असे.

मार्च १९३१ मध्यें ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत बोलूं लागला, आणि १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रानें मराठी बोलपटाचा आरंभ केला. ज्या वाणीनें चित्रपट सजीव झाला तिनेंच त्याच्याभोंवतीं कुंपणही घातलें. जगांतील सर्वच कंपन्यांपुढें तोच प्रश्न उभा राहिला: एका भाषेंत बोलणारें चित्र दुसऱ्या भाषेच्या मुलुखांत न्यावें कसें?

त्या काळीं यास तीन उत्तरें निघालीं. पहिलें उत्तर सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत खर्चाचें होतें. तें असें कीं, तेंच चित्र निरनिराळ्या भाषांत पुन्हां पुन्हां घ्यावयाचें. पॅरिसजवळ जॉइनव्हिल येथें पॅरामाउंट कंपनीनें १९३० च्या सुमारास हा कारखानाच थाटला होता. देखावा तोच उभा असे. एका भाषेचे नट काम करून बाहेर पडत आणि दुसऱ्या भाषेचे आंत येत. लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीनें तर स्वतःच स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन संवाद पाठ म्हणावे तसे म्हणून दाखविले. आपल्याकडे प्रभातनें हाच मार्ग धरिला. ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणें घेतला गेला. १९३७ सालचें ‘कुंकू’ हिंदींत ‘दुनिया न माने’ झालें. १९४१ सालच्या ‘शेजारी’मध्यें केशवराव दाते यांनीं केलेली भूमिका हिंदी ‘पडोसी’मध्यें मजहर खान यांनीं केली. अर्थात् मराठी चित्र हें हिंदीची छाया नव्हतें, आणि हिंदी चित्र हें मराठीचें भाषांतर नव्हतें. दोन्ही चित्रें मूळचींच होतीं. परंतु एका चित्राला जवळ जवळ दोन चित्रांचे श्रम लागत, आणि म्हणून हा मार्ग फार काळ टिकला नाहीं.

दुसरा मार्ग म्हणजे चित्राच्या तळाशीं अर्थ देणारीं अक्षरें छापणें, ज्यांस आज सर्वत्र सबटायटल म्हणतात. यांत नटाचा आवाज कायम राहतो. मर्यादा आहे ती डोळ्यांच्या वेगाची. एका वेळीं साधारणतः दोनच ओळी, प्रत्येक ओळींत चाळिसाच्या आसपास अक्षरचिन्हें, आणि तीं पडद्यावर टिकणार पांच-सहा सेकंद. एवढ्या जागेंत पात्राचें सारें बोलणें मावत नाहीं. तेव्हां भाषांतरकारास दर दोन वाक्यांमागें कांहीं शब्द सोडून द्यावे लागतात. जो प्रेक्षक दोन्ही भाषा जाणतो त्यास हा तोटा पदोपदीं दिसतो.

तिसरा मार्ग डबिंगचा. मूळ आवाज काढून टाकून त्या जागीं देशभाषेंतील आवाज बसवावयाचा. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं, कारण शब्दाचा अर्थ जुळून भागत नाहीं, ओठही जुळावे लागतात. प, फ, ब, भ, म हे वर्ण उच्चारतांना ओठ मिटतात हें व्याकरणाच्या पहिल्या धड्यांत शिकविलेलें असतें. पडद्यावर इंग्रज नट ‘मदर’ म्हणत असेल तर त्या जागीं ‘माय’ शोभेल. ‘आई’ म्हटल्यास ओठ मिटलेले दिसतील आणि स्वर मात्र उघडा ऐकूं येईल. चांगला डबिंगकार ही ओढाताण प्रेक्षकास कळूं देत नाहीं, आणि जर्मनी, इटली व स्पेन या देशांत ही कला फार पुढें गेलेली आहे.

कोणत्या देशानें कोणता मार्ग पत्करला यामागें प्रथम हिशेब होता. डबिंगास खर्च मोठा. तो भरून निघावयास प्रेक्षकवर्गही मोठा पाहिजे. म्हणून हॉलंड, डेन्मार्क, स्वीडन, पोर्तुगाल अशा लहान प्रेक्षकवर्गाच्या देशांत अक्षरांचा प्रघात पडला, आणि जर्मन, फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश या मोठ्या भाषांनीं डबिंग स्वीकारलें. परंतु केवळ हिशेबावर सारें ठरलें असेंही नाहीं. इटलींत मुसोलिनीच्या राजवटीनें १९३० सालीं परकी भाषेंतील संभाषण पडद्यावर ऐकविण्यास मनाई केली. स्पेनमध्यें फ्रँकोच्या सरकारनें १९४१ सालीं डबिंगाची सक्ती केली. सक्त्या पुढें उठल्या. लोकांच्या कानांस लागलेली संवय मात्र उठली नाहीं.

राज्यकर्त्यांस डबिंग प्रिय कां व्हावें, हें दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल. ‘कासाब्लांका’ हा नाझी अमलाविरुद्ध झगडणाऱ्या माणसांचा प्रसिद्ध अमेरिकन चित्रपट पश्चिम जर्मनींत १९५२ सालीं प्रदर्शित झाला, तेव्हां त्यांतील नाझी पात्रेंच गाळण्यांत आलीं, आणि त्या अमलाविरुद्ध लढणारा वीर हा अणुशास्त्रज्ञ आहे असें संवाद बदलून भासविण्यांत आलें. संपूर्ण चित्रपट जर्मन प्रेक्षकांस जर्मन भाषेंत ऐकावयास मिळण्यास १९७५ साल उजाडावें लागलें. स्पेनमध्यें ‘मोगॅम्बो’ या चित्रांतील विवाहित स्त्रीचें परपुरुषाशीं असलेलें प्रेम झांकण्यासाठीं संवादांत तिच्या नवऱ्यास तिचा भाऊ करण्यांत आलें. आणि अनीति लपविण्याच्या या उद्योगांतून अधिकच विपरीत अर्थ पडद्यावर उमटला! अक्षरांच्या मार्गांत भाषांतरकार लबाडी करूं लागला तर मूळ आवाज त्याची साक्ष देत उभा असतो. डबिंगांत हा साक्षीदारच नाहींसा केलेला असतो. मूळ भाषेचा आग्रह हा केवळ रसिकाचा लाड नव्हे, एवढें यावरून दिसून यावें.

असें असलें तरी डबिंगास सरसकट नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे असे वृद्ध, ज्यांस अद्याप भरभर वाचतां येत नाहीं अशीं मुलें, आणि ज्यांस वाचावयास शिकण्याची संधीच मिळाली नाहीं असे कष्टकरी लोक यांस अक्षरांचा उपयोग काय? यामुळेंच अक्षरांची संवय असलेल्या देशांतही मुलांचीं चित्रें बहुधा देशभाषेंत डब केलेलीं असतात. प्रश्न डबिंग असावें कीं नसावें हा नव्हे. ज्यास मूळ आवाज हवा आहे त्यास तो मिळण्याची वाट मोकळी असावी, हा आहे.

ही वाट परदेशांत कशी सांपडते? थोडी अक्षरओळख करून घेतली म्हणजे सांपडते. जर्मनींत जाहिरातींत ‘ओ. व्ही.’ अशीं अक्षरें असलीं म्हणजे चित्र मूळ भाषेंत व अक्षरांवांचून आहे असें समजावें, ‘ओ. एम. यू.’ म्हणजे मूळ भाषा व खालीं जर्मन अक्षरें. फ्रान्समध्यें ‘व्ही. ओ.’ म्हणजे मूळ भाषा आणि ‘व्ही. एफ.’ म्हणजे फ्रेंच आवाज. पॅरिसमध्यें पहिल्या प्रकारचे खेळ विपुल असतात, लहान गांवांत ते विरळ होत जातात. स्वित्झर्लंडमध्यें तीन अक्षरांची खूण आढळते: पहिलें मोठ्या लिपींतील अक्षर बोलण्याची भाषा दाखवितें आणि पुढचीं दोन बारीक अक्षरें तळाशीं छापलेल्या दोन भाषा दाखवितात. जपानांत ‘जिमाकु’ म्हणजे अक्षरें व ‘फुकिकाए’ म्हणजे बदललेला आवाज, हे दोन शब्द ओळखतां आले कीं तिकीट चुकत नाहीं. एकाच चित्राचे दोन्ही प्रकार एकाच गृहांत निरनिराळ्या वेळीं चालूं असतात. त्यांत मूळ भाषेचा खेळ पुष्कळदां रात्रींचा, किंवा आठवड्यांतील एखाद्या ठराविक वाराचा असतो. म्हणून चित्राचें नांव पाहून निघूं नये, वेळेसमोरील खूण पाहून निघावें.

याशिवाय विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे चित्रपटसंघ, जुन्या चित्रांचे संग्रह जतन करणाऱ्या संस्था आणि चित्रपटमहोत्सव हीं तीन स्थळें ध्यानांत ठेवावीं. पॅरिसची सिनेमातेक ही संस्था १९३६ पासून हें कार्य करीत आली आहे. महोत्सवांत तर मूळ आवाजास हात न लावण्याचीच पद्धत आहे. मराठी भाषेचा जगांत जो कांहीं गौरव चित्रपटद्वारां झाला तो बहुतांशीं याच वाटेनें झाला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत वाखाणला गेला. ‘कोर्ट’ या चित्रास २०१४ सालीं तेथेंच पारितोषिक मिळालें. २०२५ सालीं ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रास अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथापटांसाठीं असलेलें मुख्य परीक्षक पारितोषिक लाभलें. तेथील परीक्षकांनीं मराठी ऐकली ती मराठीच. अर्थ काय तो तळाशीं वाचला.

परंतु महोत्सव वर्षांतून एकदां यावयाचा. परदेशस्थ मराठी कुटुंबास एरवीं काय मिळतें? इंग्रजी चित्र मूळ भाषेंत मिळविणें हें शोधाचें काम आहे. मराठी चित्र मिळविणें हें संघटनेचें काम आहे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें, म्हणजे मराठी बोलपटाचें आणि त्या मंडळाचें जन्मवर्ष एकच. उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्य करीत आहे. अशा मंडळांनीं एखाद्या रविवारीं सकाळीं चित्रगृह भाड्यानें घ्यावें, तिकिटें आगाऊ खपवावीं आणि एकच खेळ करावा, ही तऱ्हा सर्वत्र दिसून येते. पूर्वीं रिळांच्या जड पेट्या समुद्रापार न्याव्या लागत. एका खेळासाठीं तो खर्च परवडत नसे. आतां चित्रपट संगणकाच्या लहानशा पेटींत मावतो, आणि ती पेटी ठराविक चित्रगृहांत ठराविक मुदतींतच उघडेल अशी संगणकीय किल्ली निराळी धाडली जाते. एका खेळाची परवानगी देणें निर्मात्यास त्यामुळें निर्धोक झालें आहे. अडचण उरते ती एकच: आसनें भरण्याची. चित्रगृहाचा चालक भाषा मोजीत नाहीं, खपलेलीं तिकिटें मोजतो. ज्या गांवांत शंभर मराठी घरें आहेत तेथें वीसच घरांनीं तिकिटें काढलीं, तर पुढच्या वेळीं चालकानें नकार दिल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं.

या खेळांस येणाऱ्या मुलांची अवस्था मोठी विचार करण्याजोगी असते. आईबाप मराठी ऐकतात आणि हंसतात. मूल खालचीं इंग्रजी अक्षरें वाचतें आणि क्षणभर उशिरां, कधीं क्षणभर आधींही, हंसतें. त्याचे डोळे एका भाषेंत आणि कान दुसऱ्या भाषेंत असतात. तरीही तें रिकाम्या हातीं परतत नाहीं. घरांत मराठी बोलतात तीं दोन माणसें. येथें मात्र पोलीस, शिक्षक, भाजीवाली, चोर आणि न्यायाधीश असे सर्वच मराठी बोलतांना त्यास प्रथम ऐकूं येतात. ही भाषा केवळ आईच्या रागवण्याची नसून एका संबंध समाजाची आहे, हें त्यास व्याकरणाच्या पुस्तकांतून कळलें नसतें. मॉरिशसमधील मराठी वंशाच्या घरांत आज बहुधा क्रिओल बोलली जाते आणि मराठी शाळेंत शिकावी लागते. कोंकणच्या किनाऱ्यावरून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल मंडळींच्या नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे. यांत कोणाचा अपराध नाहीं. परंतु जी भाषा कानांवर पडत नाहीं ती तिसऱ्या पिढींत उरत नाहीं, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

आतां दृष्टि स्वदेशाकडे वळवावी. परदेशांत मराठी चित्राची वानवा आहे म्हणून खेद करणाऱ्यानें हेंही पाहावें कीं, महाराष्ट्रांतच मराठी चित्रास सोयीची वेळ मिळावी म्हणून राज्य सरकारला २०१५ सालीं बहुपडदा चित्रगृहांकरितां नियम करावा लागला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु दर्जा मिळाल्यानें आसनें भरत नाहींत. दक्षिणेकडील चित्रें हिंदी आवाजांत आपल्याकडे येतात आणि आपण तीं निमूटपणें पाहतों. तेलुगू नटाचा खरा आवाज कसा आहे हें जाणून घेण्याची इच्छा म्युनिकमधील जर्मनाला इंग्रजी नटाविषयीं जितकी असते, त्याहून आपल्याकडे अधिक आहे असें म्हणवत नाहीं.

आणि भिवपुरीच्या परिसरापुरतें पाहिलें तर हा प्रश्न आणखी एक पायरी खालीं उतरतो. कर्जतजवळ नितीन देसाई यांनीं २००५ सालीं उभारलेल्या चित्रनगरींत मोंगलांचे महाल उभे राहिले. २००८ सालच्या ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा दरबार तेथेंच भरला. तो चित्रपट हिंदींत बोलला, आणि तमिळ व तेलुगू आवाजांतही गेला. परंतु कर्जत तालुक्याच्या डोंगरउतारावरील वाड्यांत ठाकर आणि कातकरी समाज राहतात. त्यांची घरची बोली निराळी आहे. कातकरी समाजाची गणना तर सरकार विशेष दुर्बल अशा आदिम जमातींत करतें. या वाडीवरील मूल शाळेंत प्रथम पाऊल टाकतें तेव्हां गुरुजींची प्रमाण मराठी त्यास परकी वाटते. कर्जतच्या बाजारांत चित्रपटाच्या जाहिराती लागतात त्या मराठी किंवा हिंदी भाषेच्या. म्युनिकच्या चित्रगृहांत एका सायंकाळीं जो परकेपणा सुशिक्षित तरुणास असह्य वाटतो, तो या मुलाच्या नित्याच्या संवयीचा आहे. आणि त्यास ‘मूळ भाषेचा खेळ कोठें आहे?’ असें विचारावयास खिडकीही नाहीं.

हें चित्र पालटणें आज पूर्वीइतकें दुष्कर राहिलेलें नाहीं. चित्र घेण्याचें साधन खिशांतल्या दूरध्वनींत आलें आहे, आणि पडद्यास शाळेची पांढरी भिंत पुरते. वाडीवरील एखाद्या आजीनें आपल्या बोलींत सांगितलेली गोष्ट तिच्याच नातवंडांनीं टिपावी, खालीं प्रमाण मराठींत अक्षरें घालावीं, आणि पावसाळ्यानंतर एखाद्या सायंकाळीं ती सर्व गांवानें पाहावी, यांत कोणतीच गोष्ट अशक्य कोटींतील नाहीं. त्या दिवशीं अक्षरें वाचण्याची पाळी मराठी प्रेक्षकांवर येईल, आणि कान लावून समोरच्याची भाषा जशीच्या तशी ऐकण्याचा जो धडा परदेशस्थ मनुष्य नाइलाजानें शिकतो, तो त्यांना घरच्या घरीं शिकतां येईल.